अकरा नावांचा एक संघ

17 सप्टेंबर 2023 रोजी माद्रिदमध्ये स्पेनची वुएल्टा ही सायकल शर्यत संपली, तेव्हा बक्षीस समारंभाच्या तिन्ही पायऱ्यांवर एकाच संघाचे तीन सायकलपटू उभे होते : सेप कस, योनास विंगेगार्ड आणि प्रिमोझ रोग्लिच. मे महिन्यात याच रोग्लिचने इटलीची जिरो जिंकली होती आणि जुलैत विंगेगार्डने टूर द फ्रान्स. तीन-तीन आठवड्यांच्या तिन्ही महाशर्यती एकाच वर्षी एकाच संघाने जिंकल्याचं त्याआधी कधी घडलं नव्हतं. त्यानंतर आठवडाभरातच बातमी फुटली, की हा नेदरलँड्सचा जम्बो-विस्मा संघ बेल्जियमच्या सूडाल-क्विकस्टेप या प्रतिस्पर्ध्याबरोबर विलीनीकरणाची बोलणी करतो आहे. जम्बो या सुपरमार्केट कंपनीने प्रायोजकत्वातून बाहेर पडायचं ठरवलं होतं. जगातल्या सर्वांत यशस्वी संघाकडे पुढच्या वर्षांच्या खर्चाची खात्री नव्हती.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ते विलीनीकरण फिसकटलं, ही चांगलीच गोष्ट झाली. दोन्ही संघ मिळून साठेक सायकलपटू होते. नियमाने एका संघात तीस-एकतीसच मावतात. उरलेल्यांनी हंगामाच्या अखेरीस कुठे जायचं होतं? मेकॅनिक, मालिशवाले, बसचालक यांचा तर बातम्यांत उल्लेखही नव्हता.

अशा वेळी चर्चा नेहमी पैशावर घसरते. सायकलिंगमध्ये पैसा कमी आहे, प्रक्षेपणाच्या उत्पन्नात संघांना वाटा मिळत नाही, श्रीमंत देशांनी बाजार बिघडवला, वगैरे. यातलं बरंचसं खरं आहे. तरीही माझ्या मते दुखणं पैशाच्या कमतरतेपेक्षा कागदपत्रांत जास्त आहे. संघाला स्वतःचं नाव नाही आणि प्रायोजकाने बाहेर पडण्याला वेळेचं बंधन नाही. या दोन गोष्टी नियमाने बदलता येतात आणि त्यासाठी कुणा अब्जाधीशाची वाट पाहावी लागत नाही. जम्बो-विस्माचाच इतिहास त्याला उत्तम पुरावा आहे, म्हणून तो जरा तपशिलात पाहू.

त्याआधी हा खेळ पोटापाण्याला काय कमावतो ते लक्षात घ्यायला हवं. रस्त्यावरच्या शर्यतीला तिकीट नसतं. पालखी बघायला लोक जसे वाटेवर उभे राहतात, तसे टूरला लाखो लोक घाटाच्या कडेला उभे राहतात आणि कुणी कुणाला पैसे देत नाही. संघाचं मैदान नाही, म्हणून दाराशी वसुली नाही. प्रक्षेपणाचे हक्क आयोजकाचे. टूरच्या बाबतीत ते फ्रान्सच्या एएसओ कंपनीकडे आहेत. बक्षिसाची रक्कम म्हणाल तर टूर जिंकणाऱ्याला 5 लाख युरो मिळतात, सगळ्या टप्प्यांची आणि जर्सींची मिळून एकूण रक्कम 23 लाख युरोंच्या आसपास जाते, आणि जिंकलेलं बक्षीस प्रथेनुसार संघातल्या साथीदारांत व कर्मचाऱ्यांत वाटलं जातं. याच्यासमोर ब्रिटनच्या स्काय संघाचे अखेरच्या वर्षांतले जाहीर ताळेबंद ठेवा : वर्षाचा खर्च 3 कोटी पौंडांच्या वर. टूर जिंकूनही खर्चाच्या कोपऱ्याला हात लागत नाही. संघाकडे विकायला एकच वस्तू आहे, छातीवरची वीतभर जागा आणि स्वतःचं नाव.

ही अवस्था मुळातून अशीच नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून संघ चालवायचे ते सायकली बनवणारे कारखाने. अल्सियाँ, प्यूजो, बियांकी, लेन्यानो. शर्यत जिंकली की सायकली खपायच्या, हिशेब सरळ होता. टूरचा संस्थापक आँरी देग्रांज याला मात्र कारखान्यांच्या संगनमताचा तिटकारा होता. 1930 साली त्याने कारखान्यांचे संघ काढून टाकले, राष्ट्रीय संघ आणले, आणि त्यांचा खर्च भागवायला शर्यतीपुढे जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा सुरू केला. तो ताफा आजही टूरच्या पुढे धावतो आणि टोप्या, बिस्किटं उधळतो. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारसायकली आणि स्कूटर आल्या, सायकलींचा खप आटला आणि कारखान्यांची ताकद संपली. 1954 साली इटलीच्या फिओरेन्झो मान्यीने निवेआ या क्रीमच्या कंपनीचे पैसे आणले. सायकलशी काडीचाही संबंध नसलेली कंपनी जर्सीवर आली. पाठोपाठ फ्रान्सच्या राफाएल जेमिनियानीने सँ-राफाएल या मद्याचं नाव छातीवर घेतलं. त्यावर आयोजक भडकले तेव्हा त्याने हे तर माझंच नाव आहे, असा बचाव केल्याचं सांगतात. 1962 मध्ये टूरने कंपन्यांचे संघ परत घेतले. मधली 1967 आणि 1968 ही दोन वर्षं सोडली तर आजतागायत तीच पद्धत आहे. म्हणजे आज ज्याला परंपरा म्हणतात ती एका धंद्याच्या मंदीतून निघालेली पळवाट होती. पळवाटेचा राजमार्ग झाला, पण त्याच्या कडेला कठडा कुणी बांधला नाही.

आता आपला जम्बो-विस्मा संघ. 1983 साली नेदरलँड्सचा टीआय-रॅली हा बलाढ्य संघ फुटला. व्यवस्थापक पीटर पोस्ट एका बाजूला गेला आणि पॅनासॉनिकचे पैसे घेऊन आला. दुसऱ्या बाजूला यान रासभोवती जमलेल्या सायकलपटूंनी 1984 मध्ये क्वांटुम या घरसामानाच्या दुकानांच्या साखळीचं नाव घेतलं. 1985 साली याच संघाचा योप झूटेमेल्क वयाच्या 38 व्या वर्षी जगज्जेता झाला. 1987 मध्ये नाव बदलून सुपरकॉन्फेक्स झालं, ही कपड्यांची दुकानं. 1990 मध्ये बकलर, म्हणजे हाइनेकनची बिनअल्कोहोलची बिअर. एडविग फान होयडोंकने फ्लांडर्सची शर्यत 1989 आणि 1991 मध्ये जिंकली. रस्ता तोच, संघ तोच, व्यवस्थापकही तोच रास, जर्सीवरचं नाव मात्र वेगळं. 1993 मध्ये वर्डपरफेक्ट ही संगणकप्रणालीची कंपनी आली. तिला नोव्हेल कंपनीने विकत घेतलं, म्हणून 1995 मध्ये संघ नोव्हेल झाला. अमेरिकेतल्या एका कार्यालयात सही झाली आणि नेदरलँड्समधल्या सायकलपटूंच्या जर्सी बदलल्या.

1996 मध्ये राबोबँक आली आणि सतरा हंगाम राहिली. शेतकऱ्यांच्या पतसंस्थांतून उभी राहिलेली ही सहकारी बँक. सहकाराच्या जोरावर उभ्या राहिलेल्या आपल्या महाराष्ट्रात हे वेगळं समजावून सांगायला नको. बँकेने फक्त मोठा संघ पोसला नाही. तरुणांचा संघ, स्त्रियांचा संघ, चिखलातल्या सायक्लोक्रॉसच्या शर्यती, सगळ्याला तिचा हात होता. रॉबर्ट खेसिंक, बाउके मोलेमा, स्टीवन क्राउस्वाइक हे तिघेही तिच्या तरुणांच्या संघातून वर आले. या पातळीवरचं पोषण तीन वर्षांच्या करारात होत नाही. मुलगा अठराव्या वर्षी संघात येतो आणि घाटात तीन आठवडे टिकण्याइतका पक्व व्हायला त्याला सहा-सात वर्षं लागतात.

पण राबोबँकेच्या काळाला उत्तेजकांची काळी बाजूही आहे आणि ती झाकता कामा नये. 2007 च्या टूरमध्ये संघाचा मिखाएल रासमुसेन पिवळ्या, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याच्या जर्सीत होता. 25 जुलैला त्याने ओबिस्क घाटावरचा टप्पा जिंकला आणि त्याच रात्री संघाने त्याला घरी पाठवलं. चाचण्यांसाठी आपण कुठे आहोत हे कळवताना त्याने खोटं सांगितलं होतं. शर्यतीचे चारच टप्पे उरले होते. पुढे ऑक्टोबर 2012 मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेचा लान्स आर्मस्ट्राँगवरचा अहवाल आला. नऊ दिवसांनी, 19 ऑक्टोबरला, राबोबँकेने या खेळावरचा विश्वास उडाल्याचं सांगून पुरुषांच्या व्यावसायिक संघावरून आपलं नाव काढून घेतलं. 2013 च्या पहिल्या महिन्यांत रासमुसेन आणि याच संघातला मायकेल बोगर्ड या दोघांनीही उत्तेजकं घेतल्याची कबुली दिली.

या सगळ्या प्रकरणात एक गोष्ट बँकेने अगदी योग्य केली. नाव काढलं, पण पैसे थांबवले नाहीत. 2013 चा हंगाम संघाने ब्लँको, म्हणजे ‘कोरा’, या नावाने बँकेच्याच पैशावर सुरू केला. मारियान फॉसच्या स्त्रियांच्या संघावर बँकेचं नाव कायम राहिलं. कोऱ्या जर्सीतल्या त्या सहा महिन्यांत व्यवस्थापक रिचर्ड प्लुखे याला नवा प्रायोजक शोधायला वेळ मिळाला आणि जूनअखेर, टूरच्या तोंडावर, बेल्किन ही अमेरिकी कंपनी सापडली. जर्मनीच्या टी-मोबाइलनेही 2007 च्या नोव्हेंबरमध्ये संघ सोडला, तेव्हा 2008 च्या हंगामाची सुरुवात त्या संघाने मुख्य प्रायोजकाशिवाय केली आणि मग कोलंबिया ही कपड्यांची कंपनी आली. दोन्हीकडे संघ वाचला तो यशामुळे नाही, मुदतीमुळे.

बेल्किनने करार पुरा केला नाही. 2015 च्या अखेरपर्यंतचं नातं एक वर्ष आधीच, 2014 च्या अखेरीस तोडलं. त्याच जुलैत लार्स बोमने पावसात, दगडी रस्त्यांवरून, आरेनबर्गचा टप्पा जिंकून दिला होता. वर्षअखेर बोम अस्ताना संघाकडे गेला आणि मोलेमा ट्रेक संघाकडे. 2015 मध्ये लोटो ही नेदरलँड्समधली लॉटरी आणि जम्बो सुपरमार्केट यांच्या नावाने उभा राहिलेला संघ आधीच्या तुलनेत फिका होता आणि त्या वर्षी त्याच्या हाती मोजकेच विजय लागले. पण यंत्रणा शिल्लक होती. 2016 मध्ये स्कीवरून उड्या मारण्याचा खेळ सोडून आलेला रोग्लिच सापडला, 2019 मध्ये नॉर्वेची विस्मा ही सॉफ्टवेअर कंपनी आली, आणि त्या वर्षापासून वुएल्टा लागोपाठ तीनदा जिंकली. 2024 पासूनचं नाव आहे विस्मा-लीज अ बाइक. ही दुसरी कंपनी पोन उद्योगसमूहाची आणि संघ ज्यांवर धावतो त्या सर्व्हेलो सायकलीही पोनच्याच. सायकलवाले पुन्हा जर्सीवर आले. चाळीस वर्षांत अकरा नावं झाली.

आता याच्या उलट उदाहरण. एचटीसी-हायरोड हा तोच टी-मोबाइलमधून निघालेला संघ. 2011 च्या टूरमध्ये मार्क कॅव्हेंडिशने पाच टप्पे आणि गुणांच्या स्पर्धेची हिरवी जर्सी जिंकली, टोनी मार्टिनने ग्रेनोब्लची घड्याळाविरुद्धची शर्यत जिंकली. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात मालक बॉब स्टेपलटनने जाहीर केलं, की नवा प्रायोजक मिळाला नाही, संघ बंद. त्यानंतर सप्टेंबरात कोपनहेगनला कॅव्हेंडिश रस्त्यावरचा जगज्जेता झाला आणि मार्टिन घड्याळाविरुद्धचा. बंद पडणाऱ्या संघाकडे दोन्ही विश्वविजेते होते. यश मिळवलं की पैसा आपोआप येतो, असं सांगणाऱ्यांनी या संघाकडे पाहावं. यशाने उलट सायकलपटूंचे भाव वाढतात, म्हणजे पुढच्या करारासाठी प्रायोजकाकडे मागायची रक्कम वाढते, आणि गिऱ्हाइकं कमी होतात.

तारखांचं गणित इथे नीट समजून घ्यायला हवं, कारण बहुतेक संघ त्यातच बुडतात. प्रायोजकाचे आणि सायकलपटूंचे करार 31 डिसेंबरला संपतात. दुसऱ्या संघाबरोबरच्या नव्या करारांना 1 ऑगस्टपासून मुभा असते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाकडे, म्हणजे यूसीआयकडे, पुढच्या वर्षाच्या नोंदणीचे आर्थिक कागद शरद ऋतूत जातात आणि बाहेरचे लेखापरीक्षक ते तपासतात. आता कंपनीच्या बाजूने बघा. मोठ्या कंपनीच्या पुढच्या वर्षाच्या जाहिरात खर्चाला मंजुरी बहुधा वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत मिळते. म्हणजे संघाला होकार हवा असतो जून-जुलैत आणि कंपनी तो देऊ शकते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मधल्या तीन महिन्यांत चांगले सायकलपटू निघून जातात. ते गेले की कंपनीला दाखवायला उरतं काय? मग कंपनीही नाही म्हणते. एकमेकांची वाट पाहत दोघंही रिकाम्या हाताने बसतात.

फ्रान्सच्या बी अँड बी हॉटेल्स संघाचं 2022 मध्ये हेच झालं. नव्या, मोठ्या प्रायोजकाची आशा महिनोन् महिने ताणली गेली, कॅव्हेंडिश तिथे जाणार असं धरून चाललेलं होतं, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संघ बंद झाल्याचं व्यवस्थापक जेरोम पिनोला सांगावं लागलं. डिसेंबरात बाकीच्या संघांच्या जागा भरलेल्या असतात. कॅव्हेंडिश मोठं नाव, म्हणून त्याला जानेवारीत अस्तानाने घेतलं. 2024 मध्ये सँ-वुल्बाला त्याने टूरचा 35 वा टप्पा जिंकून एडी मर्क्सचा विक्रम मागे टाकला. पण त्याच संघातल्या पाण्याच्या बाटल्या वाहणाऱ्या सव्वीस वर्षांच्या सायकलपटूला डिसेंबरात कोण विचारणार? नवख्या व्यावसायिकाला नियमाने किमान दोन वर्षांचा करार मिळतो, ही त्याच्यासाठी चांगली तरतूद आहे, पण करार करणारी कंपनीच उरली नाही तर दुसऱ्या वर्षाचा कागद नुसता कागद राहतो.

यूसीआयकडे यावर एक उपाय आहे, बँक हमी. प्रत्येक संघाला नोंदणीच्या वेळी वार्षिक मानधनाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकी हमी ठेवावी लागते. पगार थकले की सायकलपटू आणि करारातले कर्मचारी त्या हमीवर दावा करू शकतात. हमी चांगली आहे, पण तिची रचना चुकीच्या जागी आहे. ती ठेवते संघ चालवणारी छोटी कंपनी, प्रायोजक नाही. म्हणजे हंगाम सुरू होण्याआधीच, ज्या वेळी सायकली, गाड्या, प्रशिक्षण शिबिरं यांवर सर्वांत जास्त खर्च होतो, त्या वेळी संघाची एवढी रक्कम अडकून पडते. आणि प्रायोजक पळाला तर हमीतून सरासरी तीन महिन्यांचे पगार निघतात, बाकीच्या नऊ महिन्यांचं काय याला उत्तर नाही. 2001 च्या जानेवारीत ब्रिटनचा लिंडा मॅककार्टनी संघ हंगामाच्या उंबरठ्यावर कोसळला, त्यात तरुण ब्रॅडली विगिन्सही होता. जे प्रायोजक आहेत असं सायकलपटूंना सांगितलं होतं, त्यांचे पैसे आलेच नव्हते. 2023 मध्ये स्त्रियांच्या झाफ संघाच्या सायकलपटूंना महिनोन् महिने पगार मिळाला नाही आणि वसंतातच संघाची नोंदणी रद्द झाली. बावीस वर्षांच्या अंतराने तीच चूक घडली, कारण प्रायोजकाच्या खिशात खरंच पैसे आहेत का हे तपासण्याऐवजी आपण त्याच्याशी झालेल्या कराराचा कागद तपासतो.

प्रक्षेपणाच्या पैशाची मागणी जुनी आहे. 2014 मध्ये अकरा संघांनी मिळून वेलॉन ही कंपनी काढली. ओलेग टिंकॉव्ह या रशियन संघमालकाने याच मुद्द्यावर आरडाओरडा करून 2016 च्या अखेरीस संघ बंद केला. अलीकडे वनसायकलिंग नावाची योजना सौदी अरेबियाच्या पैशाच्या आधाराने पुढे आली आणि जून 2025 मध्ये यूसीआयने ती फेटाळली. वाटा मिळावा हे न्यायाचं आहे आणि माझा त्याला पाठिंबा आहे. पण त्याने प्रश्न सुटेल हा भ्रम आहे. टूर सोडली तर कित्येक शर्यतींना प्रक्षेपणातून फार काही मिळत नाही. चार-पाच तास चालणाऱ्या, दीडशे-दोनशे किलोमीटर पसरलेल्या शर्यतीचं चित्रण करायला मोटारसायकलींवरचे कॅमेरे, हेलिकॉप्टरं आणि वर घिरट्या घालून संदेश पुढे पाठवणारं विमान लागतं. छोट्या आयोजकांना हा खर्च उलट स्वतः उचलावा लागतो. एका टूरच्या नफ्यावर अठरा मोठे संघ, तेवढेच मधले संघ आणि स्त्रियांचे संघ जगवायचे ही कल्पना कागदावरही टिकत नाही. प्रायोजक लागणारच. प्रश्न आहे तो कुठल्या अटींवर.

पहिली अट नावाची. यूसीआयच्या नियमांप्रमाणे संघाचं नाव मुख्य प्रायोजकाचं किंवा त्याच्या उत्पादनाचं असणं अपेक्षित आहे, दुसरं नाव खास परवानगीने. हे उलटं करायला हवं. संघाला कायमचं नाव हवं, गावाचं, प्रांताचं किंवा संस्थेचं, आणि प्रायोजकाचं नाव त्याला जोडून. नोंदणी, परवाना आणि क्रमवारीचे गुण त्या कायमच्या संस्थेच्या नावावर. आपल्याकडच्या कबड्डीत पुणेरी पलटणच्या जर्सीवरच्या जाहिराती बदलतात, पलटण बदलत नाही. प्रेक्षक पलटणला ओळखतो.

यावर आक्षेप येतो, की नावच दिलं नाही तर कंपनी कमी पैसे देईल. आज समालोचकाला इच्छा असो वा नसो, दर वाक्यात कंपनीचं नाव घ्यावं लागतं, तीच तर खरी विक्री आहे. छोटे संघ यासाठीच आपल्या एखाद्या सायकलपटूला सुरुवातीच्या निष्फळ मुसंडीत पाठवतात. शेवटच्या दहा किलोमीटरांत तो पकडला जाणार हे सगळ्यांना माहीत असतं, पण तोवर तीन तास जर्सी पडद्यावर राहते. आक्षेप खरा आहे. पहिली काही वर्षं रक्कम थोडी कमी होईल. मात्र दर तीन-चार वर्षांनी नवं नाव लोकांच्या तोंडी बसवण्यात जो खर्च होतो, जे प्रेक्षक तुटतात, जुन्या जर्सी, गाड्यांवरचे रंग, ट्रकचं आच्छादन सगळं फेकून द्यावं लागतं, त्याची किंमत कुणी धरत नाही. आणि बदनामीच्या वेळी कंपनीला नावातून सहज मागे सरता आलं, तर तिला पैसेही एकदम तोडावे लागणार नाहीत. 1998 च्या टूरमधलं उत्तेजकांचं सर्वांत मोठं प्रकरण ज्या फेस्टिना घड्याळांच्या नावाने ओळखलं जातं, ती कंपनी त्यानंतरही 2001 पर्यंत संघाबरोबर राहिली. पण नावावर एवढा डाग घेऊन टिकणारी दुसरी कंपनी शोधून दाखवा.

कायमच्या ओळखीने संघ किती तग धरतो, हे बास्क प्रांतात दिसतं. तिथला संघ 1990 च्या दशकात एका प्रतिष्ठानाच्या रूपात उभा राहिला, सभासदांची वर्गणी आणि प्रांतिक सरकारचा आधार घेऊन. एउस्काल्तेल ही दूरध्वनी कंपनी नंतर आली. नारिंगी जर्सी, सायकलपटू बास्क मातीतले किंवा तिथेच घडलेले. 2001 मध्ये रोबेर्तो लायसेकाने लुझ आर्दिदेनच्या घाटावर टप्पा जिंकला तेव्हापासून दरवर्षी पिरेनीजचे उतार नारिंगी व्हायला लागले. मग परवान्यासाठी गुण हवेत म्हणून 2013 मध्ये प्रथमच बाहेरचे, केवळ गुणांचे धनी असलेले सायकलपटू घेतले गेले, आणि त्याच वर्षी संघ बंद पडला. फॉर्म्युला वनच्या फर्नांडो अलोन्सोने तो विकत घेण्याची बोलणीही फिसकटली. पण प्रतिष्ठान मेलं नाही. मिकेल लांदा या बास्क सायकलपटूने पुढे त्याचं अध्यक्षपद घेतलं, 2020 मध्ये एउस्काल्तेल परत आली आणि तीच नारिंगी जर्सी परत रस्त्यावर उतरली. एचटीसीची जर्सी परत आणायला आज कोण धडपडेल? कुणाची होती ती?

स्पेनच्या मोविस्टार संघाचंही असंच. 1980 पासून रेनॉल्ड्स, बानेस्तो, इलेस बालेआर्स, केस देपार्ग्न अशी नावं बदलत तो एकाच व्यवस्थेखाली चालला आहे. ती व्यवस्था आजवर टिकली ती एउसेबिओ उन्सुए या एका माणसाच्या चिकाटीवर. नियमाच्या जोरावर नव्हे, आणि हीच काळजीची बाब आहे.

नाव भाड्याने देण्याची दुसरी बाजू 2025 च्या वुएल्टामध्ये उघड झाली. यावेळी नावात एक देश होता. इस्रायल-प्रीमियर टेक संघाविरुद्ध रस्तोरस्ती निदर्शनं झाली, मध्येच जर्सीवरून देशाचं नाव काढलं गेलं, आणि 14 सप्टेंबरला माद्रिदमधला शेवटचा टप्पा अर्ध्यातच थांबवावा लागला. हंगामानंतर प्रीमियर टेक ही कॅनडाची कंपनी बाहेर पडली आणि संघाने नवं नाव आणि नवा देश धरला. गाझाबद्दल कुणाचं मत काहीही असो. ज्या सायकलपटूने एका व्यावसायिक संघाशी करार केला, त्याच्या पाठीवर एका राज्याची भूमिका चिकटवण्याचा अधिकार प्रायोजकाला असावा का, हा प्रश्न यूएई, बहारीन आणि अशा सगळ्यांनाच लागू आहे. यूएईच्या पैशाने तादेई पोगाचारसारखा सायकलपटू फुलला, हे मान्य करूनही.

दुसरी अट मुदतीची. पुढच्या वर्षी नाव मागे घ्यायचं असेल तर प्रायोजकाने ते 1 मेपर्यंत लेखी कळवावं. त्यानंतर कळवलं तर पुढच्या हंगामाचा निम्मा खर्च त्याच्यावर. हे अवास्तव नाही. स्कायने डिसेंबर 2018 मध्ये जाहीर केलं की 2019 च्या अखेरीस आपण थांबू, म्हणजे वर्षभर आधी. तीन महिन्यांत इनिऑस ही रसायन कंपनी पुढे आली, 1 मे 2019 ला संघ तिच्या नावाने धावू लागला आणि त्याच जुलैत एगान बेर्नालने टूर जिंकली. एकही पगार चुकला नाही.

तिसरी अट हमीची. हमी प्रायोजकाने द्यावी, संघाने नाही. मोठ्या संघांसाठी ती सहा महिन्यांच्या मानधनाइतकी असावी, खालच्या पातळीवरच्या संघांसाठी आजच्याएवढी. सरसकट वाढवली तर छोटे संघ त्या ओझ्यानेच मरतील. यात मेकॅनिक आणि मालिशवाले यांचे पगार स्पष्टपणे धरले जावेत. त्यातले पुष्कळजण दिवसाच्या हिशेबाने स्वतंत्र कामगार म्हणून राबतात आणि दिवाळखोरीच्या वेळी रांगेत सगळ्यात शेवटी उभे राहतात. टूरमध्ये आठ सायकलपटूंच्या मागे या लोकांची त्याहून मोठी फौज असते. रात्री अकराला सायकली धुणारा आणि पहाटे बाटल्या भरणारा माणूस नसेल तर सकाळी कुणी सुरुवातीच्या रेषेवर पोहोचणार नाही.

2025 च्या अखेरीस फ्रान्सचा आर्केआ-बी अँड बी हॉटेल्स संघ बंद झाला. त्याच जुलैत त्याचा केव्हिन वोक्लँ टूरमध्ये सातवा आला होता. तो इनिऑसकडे गेला. बेल्जियमचे लोटो आणि इंतरमार्शे हे दोन संघ एकत्र झाले, म्हणजे तिथेही तीसेक जागा कमी झाल्या. 2023 मध्ये जे टळलं ते दोन वर्षांनी दुसऱ्यांच्या बाबतीत घडलं.

आपल्याकडे हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात यूसीआयच्या 2.2 श्रेणीची, म्हणजे अनेक टप्प्यांच्या शर्यतींतल्या खालच्या पायरीवरची, पुणे ग्रँड टूर झाली. छोटी सुरुवातीची शर्यत आणि चार टप्पे मिळून 437 किलोमीटर. शर्यतीच्या नावाआधी बजाजचं नाव होतं, ते स्वाभाविकच आहे. शर्यतीचं एक बरं असतं, प्रायोजक बदलला तरी ‘पुणे’ हा शब्द जागेवर राहतो. भारतीय सायकलपटू तिथे राष्ट्रीय संघाच्या जर्सीत धावले. या श्रेणीत कॉन्टिनेन्टल, म्हणजे मोठ्या आणि मधल्या संघांच्या खालच्या दर्जाचे संघही उतरतात, आणि पुढच्या काही वर्षांत असा संघ महाराष्ट्रात उभा करायला कुणीतरी पुढे येईल अशी आशा आहे. तो उभा करणाऱ्यांनी कोल्हापूरच्या खासबागेच्या मैदानाकडे एकदा पाहावं. 1912 साली ते शाहू महाराजांनी उभारलं. संस्थानं गेली, कुस्तीचा राजाश्रय गेला, पण मैदान गावाचं होतं म्हणून तिथे आजही कुस्त्या होतात. सायकलिंगमध्ये मैदान नसतं, नाव हेच मैदान. पहिल्या संघाची नोंदणी करताना पहिल्या ओळीत जिल्ह्याचं किंवा संस्थेचं नाव लिहावं, कंपनीचं दुसऱ्या ओळीत, आणि करारात बाहेर पडण्याची तारीख 1 मे घालावी, 31 डिसेंबर नव्हे.